रिकाम्या जागेचं कार्ड

घटस्थापनेच्या आधी घर झाडून काढायचं, हे माझ्या आईचं खूळ माझ्याकडे जसंच्या तसं आलंय. आमच्या भूगावात धुळीला तसाही तोटा नाही. समोर एक इमारत उभी राहतेय आणि मागे दोन. यंदा माझा नवरा नितीन स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान खाली देत होता आणि मी ते पुसून जमिनीवर मांडत होते. शेवटी एक खोका आला. खोका बिस्किटांचा होता, पण आत खच्चून भरलेल्या होत्या चपट्या, धातूच्या, एटीएम कार्डाएवढ्या वस्तू. नितीनने एक उचलून उलटसुलट करून पाहिली. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा माणूस, पण त्यानेही विचारलं, हे काय आहे, आणि टाकायचं ना?

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि न बघता कडेवरून अंगठा फिरवला. खडबडीत सोनेरी पट्टी लागली. म्हणजे हे नंतरच्या काळातलं कार्ड. जुन्या लॅपटॉपच्या फटीत ते शिरायचंच नाही. पट्टी नसती तर जुनं. इतक्या वर्षांनी अंगठ्याला हे आठवतंय याचं मलाच नवल वाटलं, आणि मग जरा लाजही वाटली, कारण आता या विद्येचा कोणाला काडीचा उपयोग नाही.

त्या काळी लॅपटॉपला सगळं अंगचं नसायचं. जे हवं ते कार्ड आणायचं आणि कडेच्या फटीत सरकवायचं. दाबलं की नखाएवढी जीभ बाहेर काढायचं ते मोडेमचं. त्या जिभेत टेलिफोनची वायर खोचायची, मग ते कण्हत-कुंथत इंटरनेटला लागायचं. ज्याला वायरची शेपटी लागायची ते ऑफिसच्या नेटवर्कचं. शेपटी हरवली की ते कार्ड मेलं, कारण एकाची शेपटी दुसऱ्याला बसत नाही. टोकाला काळा उंचवटा असलेलं वायफायचं. टोकाला तोंड वासलेलं कॅमेऱ्याच्या मेमरीसाठी. दुप्पट जाड असलेलं हार्डडिस्कचं, ते एकटंच दोघांची जागा खायचं. मी सांगत गेले आणि नितीन मान डोलवत गेला, कीर्तनात डोलवतात तशी. मग त्याने एकाची कड उजेडात धरली आणि म्हणाला, याच्या भोकांत गंज चढलाय.

तो गंज नव्हता. ते कुंकू होतं.

त्याच सकाळी काकूंचा फोन येऊन गेला होता. लग्नाआधी मी याच भूगावात ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या काकू. आबा, म्हणजे त्यांचे यजमान, दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्याकडे यायचं म्हणतायत, असं त्या म्हणाल्या. मी या, या म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. आमची इमारत आबांच्या भाताच्या खाचरांवर उभी आहे. बिल्डरने तिला जे इंग्रजी नाव दिलंय त्याचा अर्थ हिरवी शेतं असा होतो, म्हणजे ज्याला गाडलं त्याचंच नाव वर कोरलंय. फ्लॅट घेताना हे मला ठाऊक होतं. ओळखीचा भाग आहे, पाणी बरं आहे, असं मीच नितीनला पटवलं. राहायला येऊन वर्ष झालं, पण आबांना कधी आग्रहाने बोलावलं नाही. त्यांच्या जमिनीवर त्यांना पाहुणा म्हणून चहा कोणत्या तोंडाने द्यायचा, हा प्रश्न मी पुढे ढकलत आले होते. आता तो स्वतःच चालत येणार होता.

हा प्रश्न नुसता जमिनीचा असता तर मी एवढी घाबरले नसते. जमिनी सगळ्यांनीच विकल्या आणि फ्लॅट सगळ्यांनीच घेतले. पण आबांचा आणि माझा एक हंगाम आहे. दोन हजार पाच सालचा, नवरात्र ते भातकापणी एवढाच.

मी मूळची परभणीकडची. बावधनला एका इमारतीच्या तळघरात जुने लॅपटॉप विकत घेऊन, दुरुस्त करून विकणारं एक दुकान होतं, तिथे माझ्याकडे कार्डांचं टेबल होतं. पोत्याने कार्डं यायची. ती ओळखायची, वेगळी करायची, शेपट्यांच्या गुंत्यातून ज्याची त्याला शोधून द्यायची. दुकानातले लोक मला जुळवणाऱ्या बाई म्हणायचे. मग असे लॅपटॉप येऊ लागले की ज्यांच्या पोटातच सगळं होतं. त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मालकाने टेबल बंद केलं. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्याचीच नजर खाली होती. उरलेली कार्डं भंगारात जाणार होती, ती मी मागून घेतली. का, ते विचारू नका. चार वर्षं ज्यांची नावं लक्षात ठेवली त्यांना किलोवर जाताना बघवलं नाही.

मला पुण्यात राहू देताना वडिलांची एकच अट होती, नोकरी आहे तोवर. परभणीला एक स्थळ तयारच होतं. मुलाकडचे दर सणाला विचारत होते. नोकरी गेल्याचं घरी कळलं असतं तर वडील दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मला न्यायला आले असते, आणि एकदा परत गेलेली मुलगी पुन्हा पुण्याला येत नाही हे आमच्या गल्लीत मी पाहिलेलं होतं. माझ्या मोबाइलला खोलीत रेंज नसायची, म्हणून वडील फोन काकूंच्या घरी करायचे. त्यामुळे काकूंनाही कळून चालणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी खोटं असं काही बोलले नाही. फक्त रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून वेळेवर घराबाहेर पडत राहिले. बॅगेत लॅपटॉप नव्हता, तो दुकानाचा होता. वजन वाटावं म्हणून मी त्यात टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवायचे. टमटममध्ये बसले की ती बॅग मांडीवर घेऊन मी बाहेर बघायचे, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून.

खंडेनवमीला काकू दारात आल्या. त्यांच्या घरात त्या दिवशी सगळी अवजारं धुऊन पाटावर मांडायची रीत. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, काकूंची विळी, मुलाचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. त्या म्हणाल्या, ताई, तुमची पण हत्यारं द्या, ज्याच्यावर पोट त्याची पूजा. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांची नजर खोक्यावर गेली होती. त्यांनी त्यातली ओंजळभर कार्डं उचलली आणि माझ्यापुढे एक धरून याचं तोंड कुठलं ते विचारलं. मी भोकांची कड दाखवली, लॅपटॉपमध्ये जाणारी. काकूंनी तिथेच हळद लावली, कुंकू लावलं आणि चांगलं दाबून लावलं. ती साठ-सत्तर बारीक भोकं हळदी-कुंकवाने भरून गेली. कार्डं जिवंत असती तर त्या दिवशी मेली असती. मेलेलीच होती म्हणून बरं, असं मनात आलं आणि त्या विचारानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोट तर आता त्यांच्यावर नव्हतंच. मी हात जोडून उभी होते आणि मला देवाकडेही बघवत नव्हतं.

आबा पाटाशेजारी बसले होते. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी एकेक कार्ड उचलून ते कशाला ते विचारलं आणि मी सांगितलं. मग त्यांच्या हाताला एक अगदी हलकं लागलं. ते नुसतं प्लास्टिकचं, पोकळ. नवा लॅपटॉप घेतला की त्याच्या फटीत बसवलेलं यायचं.

"ह्ये काय करतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही करत, आबा. जागा रिकामी राहू नये म्हणून असतं. नाहीतर आत धूळ जाते."

ते हसले नाहीत. काकूंनी त्यालाही कुंकू लावलं, आणि आबांनी ते आपल्या विळ्याच्या मुठीवर ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की त्या विळ्यालाही आता काम नव्हतं. रस्त्याकडची खाचरं उन्हाळ्यातच बिल्डरकडे गेली होती. भोवती पत्रे उभे राहिले होते, आत तण गुडघ्याच्या वर वाढलं होतं, आणि एका कोपऱ्यात खळं तेवढं तसंच होतं; भात झोडायची ती गोल जागा, त्या वर्षी न सारवलेली, भेगा पडलेली. एकदा पत्रा सारून शॉर्टकट म्हणून मी त्याच्यावरून चालले तर मागून काकूंचा आवाज आला, ताई, चप्पल काढा, खळं हाय. मी म्हणणार होते की आता कसलं खळं. पण काढली.

कापणीचे दिवस आले. मुळशीच्या अंगाने आंबेमोहोर पिकायला लागला की संध्याकाळी वाऱ्यावर शिजलेल्या भाताचा वास येतो, उभ्या पिकाचाच. तो आमच्या खोलीपर्यंत यायचा, पण दुसऱ्याच्या शेतांमधून. आबा सकाळी फडक्यात काहीतरी गुंडाळून बाहेर पडायचे. पाव्हण्याकडं जाऊन येतो म्हणायचे. मी बॅग घेऊन निघायची वेळही तीच. आम्ही दोघं फाटकात भेटायचो, आणि दोघंही घाईत असल्यासारखे वेगळ्या बाजूंना जायचो.

घोटावड्याला एका कारखान्यात जागा आहे असं कळलं म्हणून मी तिकडे गेले. तिथल्या साहेबाने काय येतं विचारलं आणि मी मूर्खासारखी कार्डांबद्दल बोलत सुटले. त्याच्या टेबलावरच्या लॅपटॉपमधून मी तसलंच पोकळ कार्ड काढूनही दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, परत बसवलं आणि कळवतो म्हणाला. बाहेर पडले तर कुंपणाला लागूनच भात कापायचं चाललं होतं. ओळीने वाकलेली माणसं, त्यात एक पाठ मला ओळखीची वाटली. आबा होते. घामाने सदरा भिजलेला, हातात तो खंडेनवमीचा विळा. ते सरळ झाले, आणि त्यांना मी दिसले. कामाच्या दिवशी, भर दुपारी, कारखान्याच्या दारात बॅग घेऊन उभी असलेली. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं. मी मान खाली घातली, त्यांनीही पुन्हा कमरेत वाकून घेतलं.

परतीच्या टमटममध्ये ते माझ्या शेजारीच येऊन बसले. पिरंगुट मागे पडलं. मग आबांनी रस्त्याकडे बघतच सांगितलं. त्या लोकांकडे ते सावडीने जात होते. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, पण त्याला आपलं शेत लागतं. त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझं भात गरवं आहे, उशिरा पिकणारं, मागनं बोलवीन.

"त्येंना वाटतंय माजं भात उभं हाय," आबा म्हणाले. "सावड फेडायला बोलवा म्हणत्यात. कुटं बोलवू?"

मग त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तुमचं मी न्हाई सांगायचो कुणाला."

मीही सांगणार नाही, असं म्हणायचं होतं. पण मी नुसता बॅगेचा पट्टा नीट केला. वयाने माझ्या वडिलांहून मोठा माणूस माझं खोटं स्वतःच्या खोट्यासोबत सांभाळणार होता, आणि मला त्या टमटमच्या पत्र्यात शिरून जावंसं वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकूंच्या दारात टेम्पो थांबला. त्यातून घोटावड्याची ती माणसं उतरली. सात-आठ बाया, चार-पाच पुरुष, प्रत्येकाकडे विळा. आबा बोलवायचं नाव काढत नाहीत, गरवं भात तरी किती दिवस उभं राहील, म्हणून ते न बोलावता सावड फेडायला आले होते. भूगावात विचारत विचारत आले. काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, त्यांना काहीच कळेना. कुठलं भात, म्हणाल्या. आबा आतून आले आणि दारातच थांबले. मी बॅग खांद्याला लावून फाटकात होते. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. भर गावात अंगावरचं वस्त्र ओढलं गेल्यासारखा माणूस उभा होता.

सगळे पत्र्यांपर्यंत चालत गेले. फटीतून तण दिसत होतं. मग त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईने विळा कमरेला खोचला, पत्रा बाजूला सारून आत गेली आणि खळ्याच्या काठाशी थांबून तिने पायातली चप्पल काढली.

"खळं लई फुटलंय," ती म्हणाली. "भात न्हाई तर न्हाई. ह्ये सारवून जातो, मंग फिटली सावड."

आबा काहीतरी बोलू पाहत होते, पण तिने ऐकून घेतलं नाही. पुरुषांनी तण खणलं, भेगांत माती भरली. शेणाच्या पाट्या आल्या. पुढच्या महिन्यात जेसीबीने उचलायची ती जमीन, तिच्यावर भाताची एक लोंबी यायची नव्हती. आणि ती माणसं गुडघ्यांवर बसून तळहातांनी ती सारवत होती. काकूंनी मला म्हटलं, ताई, तुम्हाला हाफिसला उशीर व्हतोय. मी बॅग पत्र्याला टेकवून ठेवली.

"ऑफिस नाही आता, काकू," मी म्हणाले. "नवरात्रापासून नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाल्या, मंग बादली आणा पाण्याची. मी चप्पल काढली, बादली आणली आणि सारवायला बसले. आबा माझ्या पलीकडे होते. आमच्या दोघांच्या हातांना शेण लागलेलं होतं आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

मध्येच घरातून फोन वाजल्याचं ऐकू आलं. काकू धावत गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, तुमचे वडील व्हते. मी सांगितलं, ताई कामात हायेत, हात भरलेत त्यांचे. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. पुढे घोटावड्याच्या त्या साहेबाने खरंच कळवलं. कार्डांसाठी नाही, कोठारातल्या मालाचा हिशेब संगणकावर ठेवायला. परभणीचं स्थळ तसंच राहिलं.

आता दसऱ्याचं सांगते. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी ती कार्डं पाटावर मांडली. नितीन म्हणाला, आता यांच्यावर आपलं पोट नाही. मी म्हटलं, तेव्हाही नव्हतं.

दसऱ्याला आबा लिफ्टने एकटेच वर आले. पांढरा सदरा, खिशात आपट्याची पानं, पाय अनवाणी. मला वाटलं चप्पल दाराबाहेर असेल. त्यांनी आमच्या हातात सोनं दिलं, मी वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वाकूनच राहिले, कारण वर बघायचं धाडस होत नव्हतं. काय बोलावं म्हणून मी त्यांना घर दाखवू लागले, आणि दाखवता दाखवता जीभ अडखळली. हे स्वयंपाकघर, हे म्हणताना खाली काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी सगळं नीट पाहिलं, चांगलं हाय म्हणाले. मग पाटाजवळ थांबले आणि कार्डांमधून एक उचललं. अगदी हलकं, पोकळ. अजून ठेवलंय व्हय, एवढंच म्हणाले.

त्यांना पोचवायला मी खाली गेले. त्यांची चप्पल दाराबाहेर नव्हती, खाली पार्किंगमध्येही आधी दिसेना. ती आमच्या विंगपासून लांब, पलीकडच्या खांबापाशी, खडीच्या कडेला जोडीने ठेवलेली होती. आधी मला कळलं नाही. मग पायांखालच्या फरशीकडे पाहिलं, पत्र्यांचा तो कोपरा कुठे होता ते आठवलं, आणि कळलं की ते खळ्याच्या काठाला चप्पल काढून आत आले होते. त्या खळ्याच्या मधोमध आमची गाडी उभी होती. ती जागा आम्ही फ्लॅटबरोबरच घेतलेली, नंबर रंगवलेला आहे.

मी पायातली चप्पल काढून हातात घेतली. पहारेकरी बघत होता.

आबा गाडीपाशी थांबले. तुमचीच का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तिच्यावरून हळूच हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता.

"बरं झालं ताई," ते म्हणाले. "जागा रिकामी न्हाई ऱ्हायली."